ऐकून करावयाची शुश्रूषा : प्रस्तावना

रुग्ण आणि परिचारिका एका जागी नसताना, केवळ दूरध्वनीच्या आधारे रुग्णाच्या तक्रारीचा अंदाज घेणे, त्याला सल्ला देणे, त्याच्या चालू उपचारांवर लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास त्याला योग्य ठिकाणी रवाना करणे, या सर्व कामाला येथे दूरध्वनी-शुश्रूषा असे म्हटले आहे. या व्याख्येत दोन निराळी कामे सामावतात. पहिल्या प्रकारात रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक स्वतःहून फोन करतो आणि त्रास किती निकडीचा आहे हे परिचारिका ठरवते. या निकडीनुसार करावयाच्या वर्गवारीला वैद्यकीय व्यवहारात ‘ट्रायाज’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात परिचारिका ठरलेल्या दिवशी फोन करते आणि हृदयविकार, मधुमेह, कर्करोग किंवा क्षयरोग यांसारख्या लांबलेल्या आजारात रुग्णाचा पाठपुरावा करते. दोन्ही कामांतील धोके वेगळे, त्यांना लागणारे कौशल्य वेगळे आणि त्यांच्या यशाची मापेही वेगळी. तरीही सरकारी कागदपत्रांत ती बहुधा ‘हेल्पलाइन’ या एकाच नावाखाली येतात आणि तासाला किती फोन उचलले गेले या एकाच आकड्याने मोजली जातात. या विषयातील पुष्कळसा घोळ येथूनच सुरू होतो.

रुग्णशय्येजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला जे सहज उपलब्ध असते, म्हणजे रुग्णाच्या चेहऱ्याचा रंग, त्वचेचा स्पर्श, नाडीचा ठोका, रक्तदाबमापक आणि शेजारी उभा असलेला सहकारी, ते सर्व फोनवर काढून घेतले जाते. उरतात तीन गोष्टी : विचारावयाचे प्रश्न, ऐकणारा कान आणि निर्णय घेण्याचा अधिकार. पहिल्या दोहोंविषयी प्रशिक्षणाच्या पुस्तकांत बरेच लिहिले जाते. तिसरीविषयी मात्र फारच कमी, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः तिच्यावर आहे. दूरध्वनी-शुश्रूषेचे फायदे आणि तिच्या अडचणी यांची यादी कोणीही करू शकतो, परंतु एकच योजना एका ठिकाणी फळते आणि दुसरीकडे वाया जाते याचे कारण शोधू गेल्यास, फोनच्या पलीकडील व्यक्तीला किती ठरवण्याची मुभा होती आणि तिच्या पाठीशी कोण उभे होते, या प्रश्नापाशीच पुन्हा पुन्हा यावे लागते.

दूरध्वनीचा वैद्यकीय उपयोग या यंत्राइतकाच जुना आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ साली पेटंट मिळाले आणि तीनच वर्षांनी ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात, एका डॉक्टराने रात्रीच्या वेळी फोनवरून बाळाचा खोकला ऐकून तो ‘क्रूप’ नव्हे, म्हणजे स्वरयंत्राला सूज येऊन येणारा भुंकल्यासारखा खोकला नव्हे, असा निर्वाळा दिल्याची हकिकत छापून आली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे १८८२ च्या जानेवारीत सुरू झाली. पुढे दवाखान्यादवाखान्यांत फोन आले, आणि ते उचलण्याचे, म्हणजेच कोणाला थांबवायचे व कोणाला आत बोलवायचे हे ठरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी परिचारिकेकडे गेले; मात्र ते काम उपचार या सदरात कधीच नोंदले गेले नाही. त्याला नियम आणि नोंद यांची शिस्त लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरुग्णालयाने १९८८ मध्ये, आसपासच्या बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने बंद झाल्यावर येणारे फोन प्रशिक्षित परिचारिकांकडे वळवण्याची व्यवस्था सुरू केली, आणि तिच्यासाठी बार्टन श्मिट या बालरोगतज्ज्ञांनी तयार केलेल्या लेखी नियमावल्या नंतर दूरवर वापरल्या गेल्या. १९९८ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये ‘एनएचएस डायरेक्ट’ ही परिचारिकांनी चालवलेली चोवीस तासांची सल्लासेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि पुढील दोन-अडीच वर्षांत ती सर्व इंग्लंडभर पोहोचली. स्वीडनमध्ये ११७७ या क्रमांकावर आजही नोंदणीकृत परिचारिकाच बोलतात.

फोनवरील मूल्यमापन प्रत्यक्षात कसे चालते हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्या गुणदोषांची चर्चा हवेत राहते. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो आणि तो नेहमी सर्वांत वाईट शक्यतेपासून सुरू होतो : श्वास, शुद्ध, रक्तस्राव, छातीतील कळ, अचानक लुळा पडलेला हात किंवा वाकडे झालेले तोंड. यांपैकी काही आढळल्यास पुढील चौकशी तेथेच थांबवून रुग्णवाहिकेची व्यवस्था करावयाची असते. यांतील काहीही नसेल तेव्हाच परिचारिका तक्रारीच्या तपशिलाकडे वळते. येथे कान हेच तपासणीचे साधन होते. दम्याच्या रुग्णाला एका दमात वाक्य पुरे करता येते की दोन-दोन शब्दांनंतर थांबावे लागते हे कोणत्याही प्रश्नाशिवाय कळते. तान्ह्या बाळाच्या आईशी बोलताना मागून ऐकू येणारे रडणे जोरकस आहे की कण्हल्यासारखे, यावरून आईच्या वर्णनाची खातरजमा होते. प्रश्नही मोजता येईल अशा गोष्टीचा करावा लागतो. ‘बाळ नीट पीत आहे का’ याला ‘हो’ हे उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते, पण ‘शेवटची लघवी केव्हा झाली’ याच्या उत्तरातून शरीरातील पाण्याची स्थिती उलगडते. काही बाबतींत वाटाघाटीला जागाच नसते : तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर ते कितीही हसतेखेळते असल्याचे सांगितले गेले तरी त्याला तातडीने डॉक्टरांना दाखवावयास सांगणे हाच नियम.

अशा नियमांची जुळणी म्हणजे नियमावली, इंग्रजी वळणाने ज्याला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात ती. ती विस्मरण टाळते आणि रात्री तीन वाजता थकलेल्या परिचारिकेचा प्रश्न दुपारच्या परिचारिकेइतकाच नेमका ठेवते, हा तिचा मोठा गुण. परंतु ती ज्या देशात लिहिली गेली तेथील शरीरे आणि तेथील घरे तिने गृहीत धरलेली असतात. मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला असल्यास अंगावर उठणारे पुरळ काचेचा पेला दाबूनही फिके पडत नाही, आणि ही खूण ब्रिटनमधील पालकांना आवर्जून शिकवली जाते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तेच पुरळ दिसणे कठीण असल्याने तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि तोंडातील टाळू पाहावयास सांगावे लागते. एवढा एक बदल न करता नियमावली जशीच्या तशी उचलल्यास ती येथे धोक्याचीच ठरेल. तापमापक घरात असेलच असे नाही, आणि ‘अंगात कसकस आहे’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ या तक्रारींना संगणकाच्या पडद्यावर तयार चौकट नसते. जीव घाबरा होण्यामागे हृदयविकाराचा झटका, मधुमेही रुग्णाची घसरलेली रक्तशर्करा किंवा निव्वळ भीती यांपैकी काहीही असू शकते, आणि कोणती शक्यता आधी तपासावी हे ठरवण्यासाठी नियमावलीच्या पलीकडचा अनुभव लागतो.

संवादाचा शेवट हा त्याच्या आरंभाइतकाच महत्त्वाचा असतो. रुग्णाला घरी थांबण्याचा सल्ला देताना कोणती लक्षणे दिसल्यास आणि किती वेळात पुन्हा फोन करावयाचा हे स्पष्ट सांगणे, आणि ते त्याच्याकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घेणे, हे दोन टप्पे सर्वांत आधी गाळले जातात, कारण त्यांना वेळ लागतो आणि संभाषणाची सरासरी लांबी हे व्यवस्थापनाचे आवडते माप असते.

या पद्धतीच्या सुरक्षिततेविषयी सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग इंग्लंडमधील विल्टशर येथे झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात दवाखान्याच्या वेळेबाहेर आलेल्या १४,४९२ फोनांपैकी काही डॉक्टरांकडे नेहमीच्या पद्धतीने गेले आणि काही आधी परिचारिकांकडे. परिचारिकांकडे आलेल्या फोनांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे ४९.८ टक्के, डॉक्टरांपर्यंत न जाताच मार्गी लागले आणि सात दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच राहिले. डॉक्टरांच्या घरभेटी आणि रात्रीची धावपळ कमी झाली. या एका निष्कर्षावर अनेक देशांतील आरोग्यखात्यांनी पुढे मोठ्या आशा उभारल्या, आणि त्यांतील काही आशा अवास्तव होत्या हे सांगणे येथे आवश्यक आहे.

कारण २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगाने वेगळे चित्र दाखवले. इंग्लंडमधील ४२ दवाखाने आणि २०,९९० रुग्ण यांचा समावेश असलेल्या या प्रयोगात, त्याच दिवशी भेट मागणाऱ्या रुग्णांना आधी डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने फोन केला. पुढील २८ दिवसांत दवाखान्याशी झालेले एकूण संपर्क, नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत, डॉक्टरांनी फोन केलेल्या गटात सुमारे ३३ टक्क्यांनी आणि परिचारिकांनी केलेल्या गटात सुमारे ४८ टक्क्यांनी वाढले. एकूण खर्च जवळपास सारखाच राहिला. फोनवर बोलून झालेला रुग्ण पुन्हा प्रत्यक्ष भेटीला आला, म्हणजे काम कमी झाले नाही; ते दोनदा केले गेले. परिचारिकांच्या गटात ही वाढ अधिक का दिसली याचे एक संभाव्य उत्तर असे की, जिला औषध बदलण्याचा किंवा लिहून देण्याचा अधिकार नाही तिला शंका आली की रुग्णाला पुढे पाठवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. दूरध्वनी-शुश्रूषा ही खर्चकपातीची युक्ती आहे, असा प्रचार करणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावयास हवा. रुग्णाचा बसभाड्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि रांगेतला अर्धा दिवस वाचतो हे खरे; पण तो रुग्णाचा फायदा आहे, खजिन्याचा नव्हे, आणि दोहोंची गल्लत केल्यानेच अशा योजना पहिल्या अर्थसंकल्पी कात्रीत सापडतात.

दीर्घकालीन आजारांच्या पाठपुराव्यात पुरावा अधिक आशादायक आहे आणि तो अर्जेंटिनातून आला आहे. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी होऊन पायांवर सूज येणे, धाप लागणे आणि वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, या अवस्थेला हृदय-निकामीपणा म्हणतात. अशा १,५१८ रुग्णांवर त्या देशातील ५१ केंद्रांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्या गटातील रुग्णांना त्याशिवाय या आजाराचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आधी पंधरवड्याने आणि नंतर प्रकृतीच्या मानाने कमीअधिक अंतराने फोन करीत, वजन, सूज, मीठ आणि औषधांची चौकशी करीत. हृदय-निकामीपणामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २२.३ टक्क्यांवरून १६.८ टक्क्यांवर आले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. या प्रयोगातील एक तपशील सारांशांत सहसा गळून जातो : लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीची मात्रा तात्पुरती वाढवण्या-घटवण्याची आणि रुग्णाला ठरलेल्या तारखेआधी भेटीस बोलावण्याची मुभा या परिचारिकांना होती. सूज वाढल्याचे ऐकून ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ असे म्हणणारी परिचारिका आणि ‘आजपासून तीन दिवस एक गोळी जास्त घ्या आणि परवा मला वजन कळवा’ असे सांगू शकणारी परिचारिका यांच्यात जो फरक आहे, तोच कदाचित या दोन टक्केवारींमधील फरक असावा.

याच आजारावर अमेरिकेत १,६५३ रुग्णांना घेऊन झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फोनवर माणूस नव्हता. रुग्णाने रोज एका क्रमांकावर फोन करून यंत्राने विचारलेल्या प्रश्नांना आकडे दाबून उत्तरे द्यावयाची होती आणि ती उत्तरे नंतर दवाखान्यात पाहिली जात. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.५ टक्के होते, म्हणजे फायदा शून्य. सातांतील एका रुग्णाने ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. दोन्ही प्रयोगांतील देश, रुग्णांच्या आजाराची पायरी आणि भोवतालची आरोग्यव्यवस्था निराळी असल्याने त्यांची थेट तुलना करणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तरीसुद्धा ध्वनिमुद्रित आवाजाने परिचारिकेची जागा भरून निघेल असे गृहीत धरण्यास यातून कोणताच आधार मिळत नाही.

एनएचएस डायरेक्टची पुढील वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. २०१० पासून इंग्लंडमध्ये १११ हा नवा क्रमांक टप्प्याटप्प्याने आणला गेला, ज्यात पहिला फोन वैद्यकीय पदवी नसलेले, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी संगणकावरील प्रश्नावलीच्या साहाय्याने घेतात आणि परिचारिका किंवा डॉक्टर त्यांच्या मागे असतात. ३१ मार्च २०१४ रोजी एनएचएस डायरेक्ट बंद झाले. प्रश्नावली काटेकोर असेल तर ती विचारणारा कोण याने फरक पडत नाही, हे या बदलामागील गृहीतक. प्रश्नावली अनुभवहीन माणसाच्या हातात दिली की ती सावध बाजूला झुकवावीच लागते, आणि मग गरज नसलेले रुग्णही रुग्णवाहिकेकडे किंवा अपघात विभागाकडे वळवले जातात, ही टीका तेव्हापासून या सेवेच्या मागे लागलेली आहे.

चुकांचा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. स्वीडनमध्ये दूरध्वनी-सल्ल्यासंबंधीच्या निष्काळजीपणाच्या तक्रारी तपासल्या गेल्या तेव्हा फोन करणाऱ्याचे म्हणणे नीट न ऐकणे हे कारण ठळकपणे पुढे आले. ज्ञानाचा अभाव त्या मानाने मागे राहिला. शिवाय अशा प्रकरणांत रुग्णाऐवजी दुसराच कोणी बोलत असणे ही वारंवार आढळणारी स्थिती होती. भारतीय वाचकाने या बाबीकडे थांबून पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे गरोदर सुनेच्या रक्तस्रावाची हकिकत नवरा, दीर किंवा सासू सांगणार, ती स्वतः शेजारी असली तरी तिच्याकडे फोन जाईलच असे नाही, आणि फोन स्पीकरवर असल्यास जे विचारायला हवे तेच विचारता येणार नाही. ‘फोन जरा त्यांच्याकडे द्या’ हे वाक्य येथील प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवावे लागेल.

गोपनीयतेचा दुसरा पदर तांत्रिक आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत स्वीडनमधील ११७७ या सेवेकडे आलेल्या सुमारे २७ लाख फोनांचे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर कोणत्याही संकेतशब्दाशिवाय उघडे पडल्याचे उघडकीस आले. ध्वनिमुद्रण ठेवले नाही तर परिचारिकेला स्वतःचा बचाव करता येत नाही. ठेवले तर ते जपण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते, आणि ही जबाबदारी कंत्राटाकडून उपकंत्राटाकडे सरकत जाते तसतशी ती पातळ होत जाते.

भारतातील कायदेशीर स्थिती फार जलद बदलली आहे, पण परिचारिकेसाठी नव्हे. रत्नागिरीतील एका प्रसूतीनंतरच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर रुग्णालयात हजर नसताना फोनवरील सूचनांवरून उपचार केले गेले, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवरील सल्ल्याविषयी महाराष्ट्रातील वैद्यकीय वर्तुळात मोठी धास्ती पसरली. २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यक-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोंदणीकृत डॉक्टराने फोनवरून सल्ला देण्यास, काही अटींवर औषध लिहून देण्यासही, मान्यता मिळाली. या तत्त्वांत परिचारिका येते ती रुग्ण आणि डॉक्टर यांना जोडणारी आरोग्यसेवक म्हणून. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतही तिची जागा बहुधा रुग्णाच्या बाजूला बसून पडद्यावरील डॉक्टरांना माहिती देण्याची असते. ही जागा हलकी नाही. परंतु अर्जेंटिनातील परिचारिकेला जी मुभा होती ती येथे कोणत्या कागदावर मिळेल याचे उत्तर त्या तत्त्वांत सापडत नाही. आणखी एक कुंपण वेदनाशमनाच्या क्षेत्रात आड येते : अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे दूरवैद्यकातून लिहून देण्यास मनाई असल्याने, घरी अखेरचे दिवस काढणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गरज वाढल्याचे परिचारिकेला फोनवर स्वच्छ कळले तरी त्याच फोनवरून मार्ग निघू शकत नाही. गैरवापराची भीती निराधार नव्हे, पण तिची किंमत नेमकी कोण मोजतो हेही पाहायला हवे.

महाराष्ट्रात आपत्कालीन रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्यसल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक आहेत. मात्र या राज्यातील दूरध्वनी-शुश्रूषेचा कदाचित सर्वांत मोठा भाग कोणत्याही क्रमांकाखाली मोडत नाही. उपकेंद्रातील नर्सबाईंचा आणि आशाताईंचा खासगी मोबाइल क्रमांक गावातल्या घराघरांत असतो. लस दिल्यावर बाळाला ताप आला, कळा सुरू झाल्या, साखरेची गोळी संपली, की पहिला फोन त्यांना जातो. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा मापदंड ठरवताना रात्रीच्या या फोनांचा हिशेब कोणी केला नव्हता. मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात भिली आणि पावरी, भामरागडमध्ये माडिया बोलणाऱ्या रुग्णाशी पुण्या-मुंबईत बसलेली परिचारिका प्रमाण मराठीत काय आणि कसे बोलणार, हा प्रश्न राज्यस्तरीय केंद्राला सोडवता आलेला नाही. गावच्या नर्सबाईंनी तो केव्हाच सोडवला आहे, जेथे मोबाइलला रेंज मिळते तेथपर्यंत तरी.

या अनौपचारिक कामात ओळखीचा आवाज, घराची माहिती आणि रुग्णाचा विश्वास या तिन्ही गोष्टी आहेत, ज्या शहरी केंद्राला विकत घेता येत नाहीत. तेथे नियमावली नाही, रात्रीची पाळी नाही, फोनचा मोबदला नाही आणि सल्ला चुकला तर पाठीशी कोणी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत गृहभेटीचा रकाना असतो, लसीकरणाचा असतो. रात्री साडेअकराला कोणाचा फोन आला, काय विचारले, काय सांगितले आणि सकाळी त्या रुग्णाचे काय झाले, यासाठी रकाना आखावयाचा झाल्यास त्यापुढे सही कोणाची, हे आधी ठरवावे लागेल.